वाचकांचे प्रश्न : पुढच्या तारखेचा चेक आणि दोन टक्के कापून रोख

प्रश्न : सोलापूर बाजार समितीत कांदा विकला. अडत्याने वीस दिवस पुढच्या तारखेचा, ४८,००० रुपयांचा ‘अकाउंट पेयी’ चेक दिला. पेठेतला एक जण दोन टक्के कापून आजच रोख द्यायला तयार आहे, पण माझा सही केलेला कोरा चेक मागतो. द्यावा का?
– एक शेतकरी, उत्तर सोलापूर

उत्तर : कोरा चेक अजिबात देऊ नका. अडत्याचा चेक ‘अकाउंट पेयी’ असल्याने तो फक्त तुमच्याच खात्यात जमा होऊ शकतो, त्या माणसाच्या नव्हे. म्हणून त्याला तुमचा चेक हवा आहे. म्हणजे हे चेक वटवणे नसून सरळ कर्ज आहे. उद्या त्याने हवी ती रक्कम भरून तो बँकेत टाकला आणि परत आला, तर चेक न वटल्याबद्दलचा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा खटला तुमच्यावर होईल. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी कोराच दिला होता’ एवढे सांगून सुटका होत नाही. स्वेच्छेने दिलेल्या कोऱ्या चेकलाही देणे असल्याचे गृहीतक लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता दोन टक्क्यांचा हिशेब पाहा. हातात ४७,०४० रुपये येतात, वीस दिवसांचे ९६० जातात. वर्षाचा दर पडतो ३७ टक्क्यांच्या वर. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली शेतकऱ्याला विनातारण कर्जावर १२ टक्के ही मर्यादा आहे. त्या दराने व्याज होते सुमारे ३०९ रुपये. त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, आधी पाहा. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे लेखी करा.

खरा प्रश्न त्याआधीचा आहे. शेतमालाचे पैसे लगेच मिळायला हवेत. वीस दिवसांची मुदत अडत्याने परस्पर ठरवायची नसते. हिशोबपट्टीची (अडत्याने दिलेल्या विक्रीच्या हिशेबाची) प्रत जोडून बाजार समितीच्या सचिवांकडे अर्ज द्या, पोच घ्या.

चेक तारखेआधी बँकेत टाकू नका, परत येईल आणि तेवढ्यावरून १३८ लागणार नाही. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत भरा. शिल्लक नसल्याने परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. ती मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. यातली नोटिशीची ३० दिवसांची मुदत अनेकांची चुकते, कारण मेमो घरात पडून राहतो.

प्रश्न : आकडा खोडून शेजारी सही केलेला चेक बँकेने परत केला. पूर्वी चालत असे.
– एक दुकानदार, सोलापूर

उत्तर : आता चेकऐवजी त्याची प्रतिमा क्लिअरिंगला, म्हणजे दुसऱ्या बँकेकडून पैसे वळते करायला, जाते. तारखेची दुरुस्ती सोडली तर नाव किंवा रकमेतली खाडाखोड, सही असली तरी, चालत नाही. नवा चेक मागून घ्या.