आर्टेमिया मिठागरात तरतो, गोड्या टाकीत का मरतो?

प्रश्न : माशांच्या पिल्लांसाठी घरी आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जीवाची, अंडी उबवतो. मीठ जास्त पडलं की अंडी कमी फुटतात. निघालेली पिल्लं गोड्या टाकीत काही तासांत मरतात. मग मिठागरात हाच जीव कसा राहतो?

उत्तर : लिटरभर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम मीठ, २८ अंश तापमान, भरपूर हवा आणि उजेड, १८ ते २४ तासांत पिल्लं निघतात. फुटण्याआधी भ्रूण आपली ट्रेहॅलोज साखर मोडून ग्लिसरॉल बनवतो. ते पाणी ओढतं आणि दाबानं कवच तडकतं. बाहेर मीठ जास्त तर ग्लिसरॉलही जास्त लागतं. त्यात साठा संपतो, मग उशीर होतो नि पिल्लंही अशक्त निघतात.

मिठागरात आर्टेमिया खारं पाणी पितो आणि जादा मीठ बाहेर टाकतो. पिल्लाच्या मानेवरचा अवयव हे काम करतो, मोठ्यांत पायांवरचे कल्ल्यांसारखे भाग. खरी गंमत पेशीतल्या पंपात, म्हणजे क्षार आतबाहेर करणाऱ्या प्रथिनात आहे. नेहमीचा पंप एका एटीपीच्या (पेशीला ऊर्जा देणाऱ्या रेणूच्या) खर्चात तीन सोडियम बाहेर काढून दोन पोटॅशियम आत घेतो. खारटपणा फार वाढला की आर्टेमिया पंपाचा दुसरा प्रकार वाढवतो : दोन बाहेर, एक आत. एका फेरीत सोडियम कमी निघतो, पण तेवढ्याच ऊर्जेत तो जास्त खारट पाण्यातही ढकलता येतो.

गोड्या पाण्यात सगळं उलटं होतं. क्षार गळतात, पाणी आत घुसतं, आणि ते त्याला आवरत नाही. म्हणून पिल्लं बारीक जाळीतून धुऊन, मासे पंधरा मिनिटांत फस्त करतील एवढीच सोडा.