मेकॅनिकल करून औषधांच्या संशोधनात: सांगलीच्या मुलीला जर्मनीतून उत्तर

तुझा मेसेज नीट वाचला. वालचंदला मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, पुढे ड्रग डिलिव्हरीत, म्हणजे औषध शरीरात हवं तिथे पोचवण्याच्या विषयात, पीएचडी करायची आहे, अमेरिका की जर्मनी ते ठरत नाही. बाबांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार, म्हणून एसओपी, म्हणजे अर्जासोबतचा हेतू सांगणारा निबंध, करक्युमिनच्या (हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या) नॅनोपार्टिकलवर, म्हणजे अतिसूक्ष्म कणांवर, लिहायला घेतला आहेस. आणि आई विचारते, इंजिनिअर पोरगी औषधात काय करणार? मी मिरजेची, इथे याच विषयात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आईचा प्रश्न, कारण तोच मोलाचा आहे. औषधाचा रेणू तयार करणं हे रसायनशास्त्रज्ञाचं काम. तो हवा तिथे पोचत नाही, ही अडचण मात्र बरीचशी इंजिनिअरिंगची. कातडीच्या सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉनचा, पण साधारण 500 डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) वरचा रेणू त्यातून सहसा जात नाही. निकोटिन त्याच्या कितीतरी खाली, म्हणून त्याचा पॅच निघाला. इन्सुलिन 5,800 च्या आसपास, म्हणून सुई टोचावीच लागते. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, शिवाय आत शिरू पाहणारं औषध परत रक्तात फेकणारे प्रथिनांचे पंप त्यांच्यावर बसलेले. तोंडावाटे घ्यावं तर पोटातलं आम्ल, मग चिकट श्लेष्मा, मग आतड्याची भिंत, मग यकृत.

यातून वाट काढणारी माणसं कोण होती ते आईला सांग. 1995 मध्ये कमी फ्रिक्वेन्सीच्या अल्ट्रासाउंडने इन्सुलिनसारखी प्रथिनं कातडीतून आत नेता येतात हे एमआयटीतून दाखवलं गेलं. त्या कामात पुढे होते समीर मित्रगोत्री, माटुंग्याच्या यूडीसीटीचे (आताच्या आयसीटीचे) केमिकल इंजिनिअर. मायक्रोनीडलवाले, म्हणजे कातडीत जेमतेम शिरणाऱ्या बारीक सुयांवर काम करणारे, मार्क प्रॉसनिट्झही केमिकल इंजिनिअरिंगमधलेच. 2010 मध्ये हार्वर्डला डॉन इंगबर आणि डॅन हू यांनी चिपवर फुप्फुस केलं: मधे लवचिक पडदा, एका बाजूला फुप्फुसाच्या पेशी, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या, आणि बाजूच्या चॅनेलमध्ये व्हॅक्यूम लावून तो पडदा श्वासाच्या तालात ताणायचा. यात तुझा विषय किती आहे ते तूच बघ. उष्णता कशी वाहते ते सांगणारा फोरियरचा नियम येतो ना? तापमानाच्या जागी कॉन्सन्ट्रेशन लिही, पदार्थ कसा पसरतो ते सांगणारा फिकचा नियम झाला.

आता करक्युमिन. राग मानू नकोस, पण तो एसओपी बाजूला ठेव. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय मिळाला, बाबांना त्याचा अभिमान असणार, मलाही आहे. पण करक्युमिनचे कण करून त्यांचा साइज आणि झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचं माप) मोजायचा, एवढ्यावर संपणारे प्रोजेक्ट आपल्या भागात पोत्याने होतात. शिवाय हा रेणू जरा फसवा आहे. तो स्वतःच चमकतो, दिसेल त्याच्याशी रिॲक्ट होतो आणि टेस्टमध्ये खोटे चांगले रिझल्ट देतो. 2017 मध्ये औषधरसायनवाल्यांनी यावर सविस्तर लेख लिहून सगळ्यांना सावध केलं होतं.

तरी हळद सोडायची नसेल तर प्रश्न उलटा विचार. करक्युमिन नेमकं अडतं कुठे? पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही, आतड्यातल्या किंचित अल्कलीत त्याचे तुकडे पडतात, आणि जे आत जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत ग्लुकुरोनिक ॲसिड (साखरेपासून बनलेला एक तुकडा) जोडून बाहेर काढतात. 1998 मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्समधल्या अभ्यासात 2 ग्रॅम करक्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पिपरीन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट, दिलं, तर माणसांच्या रक्तात ते 20 पटींनी जास्त दिसलं. पिपरीनने तिथे कसलाही कण बनवला नव्हता, ती जोडणी मंद केली होती. कुठला अडसर आणि तो कसा मोजणार, एवढं ज्या एसओपीत पहिल्या परिच्छेदात सापडतं तो वाचला जातो. बाकीचे चाळले जातात.

कणांच्या मागे लागण्यात फार अर्थ नाही हे माझं मत आहे, आणि इथे सगळ्यांना ते पटत नाही. पण 2016 मध्ये टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांचे पेपर तपासले, तेव्हा टोचलेल्या नॅनोपार्टिकलपैकी कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचा मीडियन, म्हणजे मधला आकडा, निघाला 0.7 टक्के. उलट मधुमेहावरच्या सेमाग्लुटाइडची गोळी बघ, 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. त्यात नॅनो वगैरे काही नाही. सोबत एसएनएसी नावाचा साधा पदार्थ, आणि औषध शोषलं जातं आतड्यात नव्हे, जठरातच. तरी जेमतेम एक टक्का आत जातं, म्हणून ती उपाशीपोटी घोटभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास थांबायचं. अडसर नीट ओळखला की एक टक्क्यावरही औषध उभं राहतं.

मोजणं म्हणजे काय, तेही सांगते. आतड्याच्या कॅको-2 पेशी फिल्टरवर वाढवायच्या, तीन आठवडे लागतात, दिवसाआड मीडिया (पेशींचं पोषक द्रव) बदलायचा. मग त्या थराचा विद्युतरोध घ्यायचा, त्याला टीईईआर म्हणतात. चॉपस्टिकसारख्या इलेक्ट्रोडचा एक पाय वर, एक खाली. टोक फिल्टरला घासलं की थर फाटला. प्लेट 37 अंशांच्या इन्क्युबेटरमधून काढून गप्पा मारत बसलं, की ती थंड होते आणि आकडा आपोआप चढतो. नवखा खूश होतो की काय घट्ट थर झाला! रिकाम्या फिल्टरचा रोध वजा करायचा, क्षेत्रफळाने गुणायचं, तापमान लिहायचं. मेकॅनिकलवाल्यांना एररची ही शिस्त आधीच असते, आणि लॅबला तुझी किंमत तिथेच कळते.

देशाचं थोडक्यात. अमेरिकेत बीईनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, फी माफ आणि स्टायपेंड मिळतो. अर्ज साधारण डिसेंबरात. एमएसला मात्र बहुतेकदा पदरचे पैसे, त्यामुळे कर्ज काढून एमएस आणि मग बघू, हा मार्ग मी सुचवणार नाही. जर्मनीत पीएचडीला सहसा मास्टर्स लागतं, पण पीएचडी ही नोकरी असते, सरकारी वेतनश्रेणीत, बहुधा अर्ध्या ते पाऊण पगारावर. बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आपल्याला सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही (टीयूएम) आता फी लावली आहे. विषयाला धरून जायचं तर सारब्रुकेनच्या हेल्महोल्ट्झ संस्थेत क्लाउस-मिशाएल लेअर यांनी नेमकं जैविक अडसरांवरचं काम उभं केलं. कुठेही लिहिण्याआधी प्राध्यापक निवृत्तीला आलेत का, तेवढं बघ.

बाबांना आकडा एकच सांग: ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे व्हिसासाठी खात्यात आधीच भरून दाखवायचे राहण्याखाण्याचे पैसे, वर्षाला 11,904 युरो, आजच्या भावाने बारा लाखांच्या आसपास. ते पैसे जात नाहीत, महिन्याला 992 युरो असे तुलाच परत मिळतात. सुरुवातीला मोठ्या शहरात भाडंच त्यातलं अर्धं खातं. जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत शिकून ये. लॅब इंग्रजीत चालते, घरमालक नाही.

आणि या वर्षी तिथे बसून काय करशील? जवळच्या एखाद्या फार्मसी कॉलेजात जा. फ्रान्झ डिफ्यूजन सेल, म्हणजे कातडीतून किंवा पडद्यातून औषध किती पार जातं ते मोजायचं काचेचं उपकरण, असतो का विचार, सरांना सांग मी फ्लोचं मॉडेल करून देते. तो नसेल तर बकऱ्याचं आतडं उलटं करून पिशवी बांधायची जुनी पद्धत आहे, तिला खर्च जवळजवळ नाही. खाटकाकडून ताजं आतडं बर्फातल्या क्रेब्स द्रावणात (ऊती जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) घालून थेट लॅबला न्यायचं, ऑक्सिजन सोडत राहायचं, कारण ऊती भराभर मरते आणि मेलेली भिंत सगळंच आत सोडते. घरी शाकाहारी असाल तर आईला आधी कल्पना दे.

एपीएस सर्टिफिकेटला, म्हणजे जर्मनीसाठी तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याला, वेळ लागतो, ती फाइल मार्कशीट हातात आल्याआल्या टाक. एसओपी नव्याने लिहिलास की पाठव. बाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर रविवारी दुपारी फोन करू देत, यार्डही बंद असतं आणि इथे रविवारी दुकानंही बंदच.