नाणं दाखवा : ती कुत्री नव्हे, लांडगी

प्रश्न : आजोबांच्या डब्यात ढब्बू पैशांबरोबर अंगठ्याच्या नखाएवढं एक काळपट नाणं निघालं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला पुरुष, दुसरीकडे पिलांना पाजणारी कुत्री, वर दोन चांदण्या. आईनं चिंच लावून निम्मं घासलंही. फोटो पाठवतो. नाणं कुठलं? – एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : आधी आईंच्या हातातली चिंच काढून घ्या. त्या काळपट-हिरव्या थरानंच नक्षी जपलीय. उरलेलं निम्मं आहे तसं राहू द्या.

नाणं रोमन धाटणीचं, ब्राँझचं. तो पुरुष नाही, रोमा देवी आहे. कडेची अक्षरं लॅटिन, ‘उर्ब्स रोमा’, म्हणजे रोम नगरी. आणि ती लांडगी. (तीस वर्षांपूर्वी साताऱ्यात असंच झिजलेलं नाणं हातात आलं, तेव्हा मी डुक्कर म्हणून मोकळा झालो होतो!) पिलं नीट बघा, माणसाची आहेत. रोम्युलस आणि रेमस, नदीत सोडून दिलेले जुळे भाऊ. लांडगीनं पाजलं म्हणून वाचले, आणि रोम्युलसनं रोम वसवलं, अशी कथा. वरच्या चांदण्या बहुधा कॅस्टर आणि पोलक्स, ग्रीक-रोमन पुराणातले देव, तेही जुळेच.

इ. स. 330 मध्ये रोमन बादशहा कॉन्स्टंटाइननं बॉस्फरसच्या सामुद्रधुनीकाठी नवी राजधानी थाटली, आजचं इस्तंबूल. तेव्हा नव्या नगरीसाठी गलबताच्या नाळेवर उभी पंखवाली विजयदेवी आणि जुन्या रोमसाठी ही लांडगी, अशी जोडनाणी पाडली. नवा बंगला बांधला तरी जुन्या वाड्यातल्या देवाला दिवा लावावा, तसं.

कमरेवर हात दिसले की आपण विठोबा म्हणतो ना? रोमन नाण्यांचंही तेच. हातात सुकाणू असेल तर नशिबाची देवी फॉर्तुना, तराजू असेल तर न्याय्य व्यवहाराची देवी एक्विटास. पहिल्या-दुसऱ्या शतकांतल्या नाण्यांवर बादशहाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट दिसला, तर ते सहसा दोन ‘आस’ किमतीचं (आस म्हणजे रोमनांचं तांब्याचं छोटं नाणं). अक्षर न येणाऱ्यालाही उमगावं.

लांडगीच्या पायाखाली ‘एसएमके’ वाचता येतंय. ती टांकसाळीची खूण, सायझिकसची, आजच्या तुर्कस्तानातली. अशी उत्तरकालीन रोमन ब्राँझ नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेत सापडतात, त्यामुळे तुमचं नाणं खरं असूही शकतं. पण नकलाही ढिगानं विकल्या जातात. कडेवर साच्याची शिवण दिसते का, बघा; दिसली तर नकलेची शंका घ्या. सराफाच्या काट्यावर वजनही करून कळवा. दोन-अडीच ग्रॅमच्या आसपास भरलं, तर पुढचं बोलू.