सरकारी रोख्यांत पैसे असूनही ब्रिटनचे पेन्शन फंड २०२२ मध्ये अडचणीत कसे आले?

तुम्ही विचारलं आहे की सरकारी रोखे सगळ्यात सुरक्षित समजले जातात, मग सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमधले पेन्शन फंड चार दिवसांत गोत्यात कसे आले, आणि युरोपात तो धोका अजून आहे का.

त्या आठवड्यात बहुतेक फंडांची तूट कागदावर कमी होत होती आणि त्याच वेळी त्यांच्या हातातली रोकड संपत होती. या दोन गोष्टी एकदम कशा घडतात हे लक्षात आलं, की युरोपातल्या पेन्शन फंडांची निम्मी डोकेदुखी समजते.

सुरुवात देण्यांपासून करू. ब्रिटनमध्ये अनेक जुन्या कंपन्यांच्या योजना 'ठरावीक लाभा'च्या आहेत. शेवटचा किंवा सरासरी पगार आणि नोकरीची वर्षं यांवर पेन्शन ठरते आणि ती मरेपर्यंत द्यायची असते. ही देणी पुढच्या पन्नास-साठ वर्षांत पसरलेली असतात. त्यांची आजची किंमत काढायची तर दीर्घ मुदतीचा व्याजदर धरावा लागतो. दर घसरला की देणी फुगतात, दर चढला की आक्रसतात. फंडाच्या देण्यांचं 'ड्युरेशन' २० वर्षं असेल तर दरात १ टक्का बदल झाल्यावर देण्यांची किंमत साधारण २० टक्क्यांनी हलते. २००८ नंतर दर सतत घसरत गेले, त्यामुळे गुंतवणूक वाढूनही तूट भरून येईना. तेव्हा फंडांनी दराची जोखीम बांधून टाकायचं ठरवलं. या पद्धतीला एलडीआय म्हणतात, म्हणजे देण्यांकडे बघून केलेली गुंतवणूक.

आता आकडे घेऊ. समजा एका योजनेची देणी १०० कोटी पौंड आणि मालमत्ता ८५ कोटी आहे. तूट १५ कोटी. विश्वस्तांना दोन गोष्टी हव्या आहेत. देण्यांच्या दरजोखमीपैकी ७० टक्के बांधून टाकायची, आणि तूट भरून काढण्यासाठी शेअर, मालमत्ता, खासगी कर्ज यांतही भरपूर पैसा ठेवायचा. ७० कोटींचे दीर्घ मुदतीचे गिल्ट (ब्रिटिश सरकारी रोखे) रोखीने घेतले तर बाकीसाठी फक्त १५ कोटी उरतात. म्हणून मग रेपो केला जातो: २० कोटींचे गिल्ट घ्यायचे, ते बँकेकडे तारण ठेवून उसने पैसे घ्यायचे, त्या पैशांचे आणखी गिल्ट घ्यायचे, असं करत ७० कोटींपर्यंत जायचं. किंवा तेच काम व्याजदराच्या स्वॅपने, म्हणजे ठरावीक दर आणि बदलता दर यांची अदलाबदल करण्याच्या कराराने करायचं. दोन्हींत २० कोटींच्या उशीवर ७० कोटींचा भार, म्हणजे साडेतीन पट. उरलेले ६५ कोटी वाढीच्या गुंतवणुकीत.

दर १ टक्का चढला तर काय होतं ते बघा. देणी १०० वरून ८० वर येतात. गिल्टवर ७० च्या २० टक्के, म्हणजे १४ कोटींचा तोटा होतो. मालमत्ता ७१, देणी ८०, तूट १५ वरून ९ वर. फंड आधीपेक्षा सुदृढ झाला. पण देणी कमी झाली म्हणून कोणी आज रोख आणून देत नाही, ती बचत चाळीस वर्षांत मिळणार आहे. गिल्टचे १४ कोटी मात्र बँकेला आजच द्यायचे आहेत. २० कोटींची उशी ६ कोटींवर आली आणि साडेतीन पटीचा भार नऊ पटींच्या वर गेला. आणखी अर्धा टक्का दर चढला की उशी संपली.

२३ सप्टेंबर २०२२ ला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांच्या करकपाती जाहीर केल्या. त्यासाठी पैसा कुठून येणार हे सांगितलं नाही. त्यानंतरच्या काही दिवसांतच ३० वर्षांच्या गिल्टचा दर साधारण १.३ टक्क्यांनी चढला आणि २८ तारखेला ५ टक्क्यांवर गेला. वरच्या उदाहरणात उशी किती टक्क्यांपर्यंत पुरत होती ते आठवा. बहुतेक फंडांनी १ ते दीड टक्क्याचा चढ महिन्यांत होईल असं गृहीत धरलं होतं. तो आठवड्याच्या आत झाला.

वेगाचं काय एवढं, असं वाटेल. खरी अडचण तिथेच होती. मोठ्या योजनांचे स्वतंत्र खाते असते, त्या थेट आणखी तारण देऊ शकतात. लहान योजना मात्र 'पूल्ड' एलडीआय फंडात असतात, जिथे अनेक योजनांचा पैसा एकत्र असतो. उशी कमी झाली की फंडाचा व्यवस्थापक योजनेला पत्र पाठवतो: अमुक रक्कम अमुक दिवसांत भरा. त्यासाठी साधारण पाच ते दहा कामकाजाचे दिवस मिळत असत. पत्र हाती पडल्यावर विश्वस्तांची बैठक बोलवायची, सल्लागाराकडून लेखी सल्ला घ्यायचा, कुठला फंड विकायचा ते ठरवायचं, विक्रीच्या आदेशावर यादीतल्या दोन विश्वस्तांच्या सह्या घ्यायच्या. शेअर फंडाचे पैसे यायला दोन-तीन दिवस. ज्या फंडात आठवड्यातून एकदाच व्यवहार होतो तिथे बुधवार चुकला की पुढचा बुधवार. मालमत्ता फंडात तीन महिन्यांची नोटीस. ६५ कोटींची गुंतवणूक असलेली योजनासुद्धा अशा वेळी शुक्रवारपर्यंत १० कोटी उभे करू शकत नाही.

पैसे वेळेत आले नाहीत तर पूल्ड फंडाच्या व्यवस्थापकापुढे एकच रस्ता उरतो: गिल्ट विकून भार कमी करणं. सगळेच एकाच दिवशी, एकाच प्रकारचे, दीर्घ मुदतीचे गिल्ट विकायला निघाले. घेणारा कोणी नाही. किंमत आणखी पडली, दर आणखी चढला, पुढच्या फंडाला पत्र गेलं. हे चक्र थांबवायला २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंड, म्हणजे ब्रिटनची मध्यवर्ती बँक, उतरली. रोज ५ अब्ज पौंडांपर्यंत, १३ कामकाजाचे दिवस, म्हणजे कमाल ६५ अब्जांची खरेदी जाहीर केली. नंतर रोजची मर्यादा वाढवली आणि महागाईशी जोडलेले गिल्टही घेतले. १४ ऑक्टोबरला खरेदी थांबली तेव्हा प्रत्यक्षात १९.३ अब्जच खर्च झाले होते. खरेदीदार आहे एवढं कळल्यावरच त्या पहिल्या दिवशी दर १ टक्क्याहून अधिक खाली आला.

पण हा दिलासा सगळ्यांना मिळाला नाही, आणि वर्तमानपत्रांत याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. ज्यांचे गिल्ट तळाच्या भावात विकले गेले होते त्यांच्याकडे आता हेजच, म्हणजे दराची जोखीम बांधणारी गुंतवणूकच, नव्हती. आपल्या उदाहरणात दर १ टक्का चढल्यावर सगळं हेज काढून टाकलं असं धरू. मग दर परत मूळ जागी आला, तर देणी पुन्हा १०० कोटी आणि मालमत्ता ७१ च. तूट २९ कोटी, मूळच्या जवळजवळ दुप्पट. व्याजदर फिरून पहिल्या जागी आला आणि योजना मात्र खड्ड्यात गेली. यात कोणाचा सट्टा नव्हता. फक्त रोकड चार दिवस उशिरा पोचली.

मालमत्तेचा आकडा बघून फंडाची तब्येत ठरवू नका, असं मी आग्रहाने सांगेन. नेदरलँड्समधला सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा एबीपी हा युरोपातल्या सर्वांत मोठ्या पेन्शन फंडांपैकी एक. २०२२ मध्ये त्याला १७.६ टक्के तोटा झाला, आणि तरीही जानेवारी २०२३ पासून त्याने पेन्शन ११.९६ टक्क्यांनी वाढवली. दर चढल्याने देणीही जवळपास तेवढीच आक्रसली होती. त्याआधीची दहा-बारा वर्षं उलट होती: गुंतवणूक उत्तम, पण दर शून्याजवळ, म्हणून पेन्शनवाढ गोठलेली.

धोका गेला का? ब्रिटनमध्ये बराच कमी झाला. मार्च २०२३ मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या समितीने सांगितलं की एलडीआय फंडांनी किमान अडीच टक्क्यांचा चढ सोसता येईल एवढी उशी ठेवावी, रोजच्या चढउतारासाठीची त्याहून वेगळी. आपल्या योजनेत याचा अर्थ ७० कोटींच्या ५० टक्के, म्हणजे २० ऐवजी ३५ कोटी अडकवून ठेवायचे. वाढीच्या गुंतवणुकीला ६५ ऐवजी ५० कोटी उरतात. सुरक्षेची ही किंमत आहे आणि मला ती रास्त वाटते. त्याहून महत्त्वाची सुधारणा कारकुनी आहे: कुठली मालमत्ता आधी विकायची याचा क्रम आधीच लिहून ठेवणं, आणि व्यवस्थापकाला बैठकीविना ती विकायचा कायमचा अधिकार देणं. यामुळे दहा दिवसांचं काम दोन दिवसांवर येतं.

नेदरलँड्समध्ये धोक्याचं रूप वेगळं आहे. तिथले फंड रेपोपेक्षा दीर्घ मुदतीचे स्वॅप जास्त वापरतात. जून २०२३ मध्ये युरोपीय संघाने पेन्शन फंडांना दिलेली सवलत संपली आणि नवे स्वॅप क्लिअरिंग हाउसमार्फत, म्हणजे दोन्ही पक्षांच्या मध्ये उभं राहून व्यवहाराची हमी घेणाऱ्या संस्थेमार्फत, करणं बंधनकारक झालं. बँकेशी थेट करार होता तेव्हा तारण म्हणून रोखे चालायचे. क्लिअरिंग हाउसला दैनंदिन मार्जिन, म्हणजे स्वॅपच्या किमतीतल्या रोजच्या बदलाची भरपाई, रोखीतच लागतं. त्यात नवा पेन्शन कायदा १ जुलै २०२३ ला लागू झाला आहे आणि १ जानेवारी २०२८ पर्यंत सगळ्या फंडांना त्यात यायचं आहे. त्यात पेन्शनची हमी जाऊन प्रत्येकाच्या नावावर वेगळा हिस्सा येतो. तरुण सभासदाच्या हिश्शाला ४०-५० वर्षांच्या स्वॅपची फारशी गरज नसते, म्हणून फंड ते मोडतात. अडचण अशी, की बहुतेक फंड १ जानेवारीलाच बदलतात आणि ही तारीख सगळ्या बाजाराला ठाऊक असते. विकणारा कोण, काय आणि कधी विकणार हे आधीच माहीत असेल तर समोरचा भाव पाडूनच मागतो. त्यावर उपाय म्हणजे विक्री अनेक महिन्यांवर पसरवणं, पण तेवढा काळ फंडाचं हेज नव्या गरजेशी जुळत नाही.

आणखी एक गाठ खासगी गुंतवणुकीची आहे. गिल्ट आणि शेअर पडले की त्यांचा हिस्सा घटतो. खासगी मालमत्तेचं मूल्यांकन तिमाहीतून एकदाच होतं, म्हणून तिचा हिस्सा आपोआप फुगतो. २० टक्क्यांची मर्यादा ठरवलेली असते आणि काही न घेताच २७ टक्के होतात. ते विकायचे तर सूट देऊन. आता सरकारंच पेन्शन फंडांना म्हणत आहेत की पायाभूत सुविधा आणि नव्या कंपन्यांत अधिक पैसा घाला. तरुण सभासदांच्या फंडाला ते झेपतं, पण दरमहा पेन्शन वाटणाऱ्या, उधारीवर हेज केलेल्या फंडाने २०२२ विसरून तसं करू नये.

मुंबईशी याचा थेट धागा टाटा स्टीलच्या ब्रिटिश कंपनीचा. ब्रिटिश स्टीलच्या जुन्या पेन्शन योजनेत सुमारे १.३ लाख सभासद होते आणि कंपनीच्या मानाने योजना अवाढव्य होती. २०१७ मध्ये कंपनीने ५५ कोटी पौंड आणि स्वतःतला ३३ टक्के हिस्सा देऊन ती वेगळी केली. तिच्या जागी आलेली नवी योजना पुढे २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्याने लीगल अँड जनरल या विमा कंपनीकडे सुरक्षित करण्यात आली, एकूण सुमारे ७.५ अब्ज पौंडांना. दर चढल्यावर तूट भरून निघालेल्या अनेक योजना याच रस्त्याने जात आहेत.

तुमचा किंवा घरातल्या कोणाचा ब्रिटनमधल्या नोकरीचा पेन्शन खाते-उतारा असेल तर आधी प्रकार बघा. ठरावीक लाभाची योजना असेल तर कंपनी बुडाली तरी पेन्शन प्रोटेक्शन फंड आहे: ठरलेल्या वयाला निवृत्त झालेल्यांना मूळ पेन्शन पूर्ण, बाकीच्यांना साधारण ९० टक्के, पुढची महागाईवाढ मात्र कमी. आयटीतल्या बहुतेकांचं खातं दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे स्वतःच्या नावावरच्या जमा रकमेचं असतं. तिथे एलडीआयचा प्रश्न येत नाही, पण एक गोष्ट तपासा. निवृत्ती जवळ आली की काही योजना आपोआप पैसा दीर्घ गिल्ट फंडात हलवतात, आयुष्यभराची ॲन्युइटी (जमा रकमेच्या बदल्यात विमा कंपनीकडून मिळणारं नियमित उत्पन्न) घेणार असं गृहीत धरून. २०२२ मध्ये अशा फंडांचं मूल्य प्रचंड घसरलं. ॲन्युइटी घेणाऱ्याला तिचे दरही वाढलेले मिळाले, त्याचं फारसं नुकसान झालं नाही. ज्याला रक्कम काढून घ्यायची होती त्याच्या बाजूने मात्र आक्रसणारी देणी नव्हतीच, त्याचा तोटा खराखुरा होता. खात्यावर लॉगिन करून 'निवृत्तीचं उद्दिष्ट' या रकान्यात ॲन्युइटी लिहिलंय की टप्प्याटप्प्याने रक्कम काढणं, ते बघा आणि चुकीचं असेल तर निवृत्तीच्या पाच-दहा वर्षं आधीच बदलून घ्या.