सरावात पहिला येणारा मुलगा स्पर्धेत का गळपटतो?

तुमचा 13 वर्षांचा मुलगा रोजच्या सरावात 200 मीटरला सगळ्यांच्या पुढे असतो, स्पर्धेत मात्र दोनदा मागे पडला आणि घरी येऊन रडला. मनाचा खेळावर खरंच एवढा परिणाम होतो का आणि त्याला तज्ज्ञाकडे न्यावं का, असं तुम्ही विचारलंय. परिणाम होतो, त्यात वादच नाही. पण 'मी प्रत्येक स्पर्धेला हजर असतो आणि ट्रॅकच्या कडेने ओरडून त्याला जोर देतो' हे तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि मला लिहायला बसावंच लागलं.

साल 1997. मी नववीत, गाव अमळनेर तालुक्यात. शाळेमागे नाल्याची रेती टाकून केलेला खड्डा होता. तिथे मी लांब उडीत साडेपाच मीटर सहज जायचो. तालुक्याला पहिला आलो. पुढे जिल्हा, म्हणजे जळगाव. माझे मोठे काका, आम्ही त्यांना नाना म्हणतो, बरोबर निघाले. नाना जुने पहिलवान, गावोगावच्या यात्रांत कुस्त्या मारलेले. गाडीत बसल्यापासून त्यांचं एकच चाललेलं : "नंबर नही उना ते घर येऊ नको." म्हणाले हसत, पण माझ्या पोटात तेव्हाच गोळा आला.

लांब उडीवाला पळताना पावलं मोजत नाही. सुरुवातीची खूण पक्की असते, शेवटच्या चार-पाच पावलांत डोळे आणि पाय पाटीशी, म्हणजे जिच्यावरून उडी घ्यायची त्या फळीशी, आपसूक जुळवून घेतात. हजार वेळा केलेलं असतं, अंगाला ठाऊक असतं. त्या दिवशी नाना दोरीला रेलून ओरडत होते, "पाटी देख! पाटी देख!" मी पाटी पाहिली. बुटाचा ठसा पाटीच्या दोन बोटं पुढे. लाल झेंडा, म्हणजे फाउल. दुसऱ्या उडीला मी मनात पावलं मोजायला लागलो. पाटीजवळ आल्यावर तीन बारीक पावलं पडली, वेग मेला, तरी पाय पुढेच. तिसऱ्या वेळी तोंडाला कोरड, मांड्या लाकडासारख्या. मी पळत आलो आणि उडी न मारता तसाच रेतीतून पार गेलो. तिन्ही फाउल. माझ्या नावापुढे आकडाच लागला नाही.

परतीच्या पॅसेंजरमध्ये नाना माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. धरणगावला भजी घेतली, पुडा सगळ्यांत फिरला, माझ्याकडे आला तेव्हा तळाला तेलाचा कागद आणि एक तळलेली मिरची होती. पुढची दोन वर्षं मी त्या खड्ड्याकडे फिरकलो नाही.

बी.पी.एड. केलं ते या रागापोटीच. आता 18 वर्षं शिरपूरकडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. नानांचं म्हणणं आजही तेच : "मन-बिन काही नही ऱ्हास, आंगमा रग पायजे." दर दिवाळीला आमचा हा वाद होतो. मी त्यांना अमेरिकेची जिमनॅस्ट सिमोन बाइल्स हिचं सांगतो. 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये, गिरकी घेताना आपण हवेत कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं, म्हणून ती सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. तिच्या अंगात रग कमी होती का? तीच 2024 ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली.

आता तुमचा मुलगा. पुढच्या वेळी वळण संपताना त्याचे खांदे बघा. खांदे कानाला भिडले, दात-मुठी आवळल्या, की पाऊल आखडतं, आणि 200 मीटरमध्ये तेवढ्यानेच शर्यत जाते. शर्यतीआधी छाती धडधडणं, चारदा लघवीला पळणं यात बिघडलेलं काही नसतं. अंग तयारीला लागलेलं असतं, आणि मुलाला हेच शब्द सांगायचे. 'घाबरू नको' म्हटलं की तो फक्त घाबरणंच ऐकतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, असं पाच-सहा वेळा केलं की धडधड उतरते. पण हे घरी रोज करून घ्या, स्टार्टिंग लाइनवर पहिल्यांदा शिकवू नका. या वयात चारचौघांत फजिती होण्याची भीती मोठ्यांपेक्षा जास्त असते, आणि त्या चारचौघांतला सर्वांत मोठा आवाज बापाचा असतो. मी माझ्या शाळेच्या पालकांना दोरीजवळ उभं राहू देत नाही, मंडपात बसवतो. काहींना राग येतो. येऊ दे.

सगळंच मनावर ढकलू नका, हेही सांगतो. पहाटे निघून दुपारी दोनला उन्हात शर्यत आणि पोटात फक्त चहा-बिस्किट असेल, तर कुणीही मागे पडेल. दोन शर्यती हरला म्हणून तज्ज्ञाकडे पळायची गरज नाही. पण झोप उडाली, जेवण सुटलं, आठवडे झाले तरी मैदानाचं नाव काढत नाही, किंवा जगण्याबद्दल काही वेडंवाकडं बोलला, तर मग एक दिवस थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासावर मदत करणाऱ्या टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.

आणि नाना वाईट माणूस नाही. माझे पहिले स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, त्यांनीच घेतले होते, कापसाचे पैसे हातात आले त्याच दिवशी, घरात कुणाला न विचारता. म्हणून तर त्यांचं न बोलणं इतकं लागलं.

पुढच्या स्पर्धेला जायचंच असेल तर जा, पण लांब बसा आणि तोंड बंद ठेवा. निकाल तो स्वतः सांगेपर्यंत विचारू नका. परतताना भजी घेतलीत, तर पुडा पहिला त्याच्या हातात द्या.