गुडघ्याच्या अस्तराची गाठ : शस्त्रक्रियेनंतरचे पहिले महिने

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे असून मी शिक्षिका आहे. दोन वर्षे उजवा गुडघा सुजत असे. दोनदा पाणी काढले, तेव्हा ते रक्तासारखे तांबूस निघाले. एमआरआयनंतर पसरट प्रकारचा ‘पीव्हीएनएस’ (सांध्याच्या आतील अस्तराची गाठीसारखी वाढ) असल्याचे सांगण्यात आले आणि पाच आठवड्यांपूर्वी पुढून दुर्बिणीने व मागून छेद घेऊन अस्तर काढले. अजून गुडघा ८० अंशांपर्यंतच वाकतो, पूर्ण सरळ होत नाही आणि संध्याकाळी सुजतो. बायोप्सीच्या अहवालात ‘ट्यूमर’ असे लिहिले आहे. आजार परत आला असेल का? मांडी घालून बसता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ‘ट्यूमर’ या शब्दाने आपली झोप उडाली असणार, म्हणून आधी त्याचाच उलगडा करतो. १९४१ मध्ये जॅफी, लिख्टेनस्टाइन आणि सुट्रो यांनी या विकाराचे वर्णन केले, तेव्हा तो अस्तराचा दाह समजला गेला होता. पुढे असे दिसले की अस्तरातील थोड्याच पेशींत जनुकीय बिघाड असतो आणि त्या सीएसएफ-१ नावाचे प्रथिन अतोनात तयार करून इतर पेशींना तेथे गोळा करतात. त्यामुळे आता त्याला ‘टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर’ म्हणतात. आपल्या कागदांवरील ‘पीव्हीएनएस’ आणि ‘ट्यूमर’ ही दोन्ही नावे एकाच आजाराची आहेत आणि हा आजार कर्करोग नव्हे.

पसरट प्रकार पुन्हा उद्भवू शकतो, हे खरे आहे. मात्र पाचव्या आठवड्यातील संध्याकाळची सूज हे सहसा त्याचे लक्षण नसते. पुढून-मागून खरवडलेल्या सांध्यात नवे अस्तर तयार होईपर्यंत पाणी धरते आणि दिवसभर उभे राहिल्यास ते वाढते. पाय उशीवर उंच ठेवून, कापडात गुंडाळलेल्या बर्फाने १५ मिनिटे शेकल्यावर सकाळपर्यंत सूज ओसरत असेल, तर काळजीचे कारण नाही.

मला खरी चिंता वाटते ती गुडघा सरळ न होण्याची, कारण रुग्ण वाकण्याचे अंश मोजत बसतात आणि सरळ होण्याकडे दुर्लक्ष करतात. बिछान्यावर पाय पसरून बसावे आणि घरातील कोणाला तरी गुडघ्याखालून तळहात सरकवायला सांगावे. डाव्या बाजूपेक्षा उजव्या बाजूला हात सहज जात असेल, तर गुडघा तेवढा अडलेला आहे. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी मायेने गुडघ्याखाली मऊ उशी देतात आणि नेमके नुकसान करतात. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्यावी, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने खाली येतो. त्याच स्थितीत मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबावा, पाच अंक मोजावेत आणि सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा करावे. सुजलेला गुडघा या स्नायूला जणू झोपवून टाकतो, म्हणूनच काही आठवड्यांत मांडी बारीक दिसू लागते. हा स्नायू जागा झाल्याशिवाय कुबडी सोडण्याची घाई करू नये, नाहीतर लंगडण्याचीच सवय लागते.

वाकण्याबाबत बोलायचे तर, सपाट रस्त्यावर चालण्यास सुमारे ७० अंश पुरतात, जिन्यासाठी ९० ते १००, मांडी घालण्यासाठी किंवा उकिडवे बसण्यासाठी मात्र १३० च्या आसपास लागतात. पाठीवर झोपून टाच हळूहळू कुल्ल्याकडे ओढण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालू ठेवावा. तरीही आठव्या आठवड्यापर्यंत ९० अंश गाठले नाहीत, तर शल्यचिकित्सकांना स्पष्टपणे विचारावे. भूल देऊन गुडघा हलकेच वाकवणे हा एक मार्ग असतो आणि तो फार उशिरा केल्यास तितका उपयोगी पडत नाही. कूर्चा शाबूत असेल तर मांडी घालता येण्याची शक्यता चांगली आहे, पण त्याला काही महिने लागतील.

पोटरी एकाएकी दुखून सुजली, छेदातून स्राव आला, ताप आला किंवा दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

आजार परतला की नाही याचा निवाडा बाहेरून हात लावून होत नाही, तो एमआरआयवरच होतो. अस्तरात साचलेले रक्तातील लोह काही तपासणीचित्रांत काळेकुट्ट दिसते, त्यामुळे नवीन व जुनी चित्रे शेजारी ठेवून पाहावी लागतात. शस्त्रक्रियेने भागत नाही अशा रुग्णांसाठी २०१९ मध्ये अमेरिकेत पेक्सिडार्टिनिब या गोळीला मान्यता मिळाली. ती यकृताला गंभीर इजा करू शकते आणि आपल्याला आज तिचा विचार करण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या एमआरआयची सीडी मात्र जपून ठेवावी आणि प्रत्येक तपासणीला सोबत न्यावी.