अहमेत बायतुरसिनुली यांच्यावर लिहू पाहणाऱ्यास

चि. अभ्यासकास अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. ८ डिसेंबर १९३७ रोजी सोव्हिएत सत्तेने बायतुरसिनुलींवर झाडलेल्या गोळीपासून तू आरंभ केला आहेस आणि या कझाक माणसाला कवी म्हणावे, शिक्षक म्हणावे की हुतात्मा, असे मला विचारतोस. काय म्हणायचे ते पुढे पाहू. आधी त्यांनी काम काय केले ते सांग.

विसाव्या शतकाच्या आरंभी कझाक भाषा अरबी लिपीत लिहिली जाई. तिचे नऊ स्वर त्या लिपीत नीट मावत नसत, आणि कझाक जिभेवर कधी न येणाऱ्या ध्वनींची अक्षरे मात्र मुलांना घोकावी लागत. बायतुरसिनुलींनी ती अक्षरे काढून टाकली. कझाक शब्दातील स्वर एकतर सारे जाड, नाहीतर सारे मृदू असतात, हे कानाने हेरून त्यांनी मृदू शब्दाच्या आरंभी एक बारीक खूण दिली. पाच अक्षरे, एक खूण, नऊ स्वर! १९१२ मध्ये त्यांचे वाचनपुस्तक निघाले, तेव्हा ते रशियातील ओरेनबुर्ग शहरात हद्दपारीचे दिवस काढत होते. तुझ्या मसुद्यात हद्दपारीला दोन पाने आहेत आणि या खुणेला एक ओळही नाही.

रागावलो आहे खरा, पण यातला निम्मा राग माझ्यावरचा आहे. तुरुंगवास भोगलेल्या एका शिक्षकाचे छोटे चरित्र मी पूर्वी मुलांसाठी लिहिले होते. ते वाचून एका मुलीने विचारले, "ते शिकवायचे काय?" मला सांगता येईना. संपादकांना डोळ्यांत पाणी आणणारा मजकूर हवा होता आणि मुदतही थोडी होती, असे मी आजही स्वतःला समजावतो, आणि त्यात तथ्य नाही असेही नाही. पण काम वगळले ते मीच.

त्यांच्या १९११ च्या कवितासंग्रहाचे नाव 'मासा' (आपला नव्हे; कझाकमध्ये मासा म्हणजे डास). निजलेल्याच्या कानाशी गुणगुणून त्याला उठवणारा तो डास आणि वर्णमाला शिकवणारा गुरुजी एकच आहे, हे काम सांगितलेस की कवी की शिक्षक हा तुझा प्रश्नच उरणार नाही.

१९२९ ची अटक, छावणी, १९३४ ची सुटका, १९३७ ची पुन्हा अटक, हे सारे येऊ दे. पण सोव्हिएत सत्तेने कझाकसाठी आधी लॅटिन आणि १९४० मध्ये सिरिलिक लिपी आणली, तरी चीनच्या शिनजियांगमधील कझाक आजही बायतुरसिनुलींच्या वळणाने लिहितात, हे लिहायला तुला जागा का उरली नाही?

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा पहिल्या पानावर ती खूण हाताने काढून पाठव. गोळी शेवटच्या पानावर, एका वाक्यात.